बर्डपासून ल्वाझोपर्यंत

सासूबाईंच्या माहेरची कथा दारूच्या पिंपातून सुरू होते. मागावर फ्रान्सच्या राजाचे शिपाई, पोटाशी बायबल, आणि बंदरावरच्या रिकाम्या पिंपात दडून बसलेला एक उमराव घराण्यातला तरुण. पिंप जहाजावर चढतं, जहाज इंग्लंडला लागतं आणि तरुण लंडनमध्ये रेशमाचा बडा व्यापारी होतो. दर नाताळला टर्की कापून झाली की ही गोष्ट व्हायचीच. माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, म्हणजे मी ती सत्तावीस वेळा ऐकली आहे.

सासूबाई आता शहाऐंशीच्या आहेत. मी ऑडिटच्या नोकरीतून निवृत्त झाले त्या हिवाळ्यात त्या म्हणाल्या, "आता तुला वेळ आहे. आमच्या माणसांचं जरा बघ ना." बघते म्हटलं. चाळीस वर्षं व्हाउचर तपासण्यात गेलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे काय, याची त्यांना कल्पना नव्हती.

त्यांचं माहेरचं खरं आडनाव इथे देत नाही. 'बर्ड' म्हणते, कारण जो बदल झाला तो त्याच जातीचा. फ्रेंचमध्ये ल्वाझो म्हणजे पक्षी. लंडनला येऊन दोन-तीन पिढ्या झाल्या की ल्वाझोचे बर्ड व्हायचे, ल ब्लाँचे व्हाइट, ल न्वारचे ब्लॅक. कधी घरच्यांनीच बदलायचं, कधी चर्चच्या कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते लिहायचं.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय कुठली वही कशासाठी उघडायची ते कळत नाही. ह्यूगनो म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट, कॅल्विनच्या पंथाचे. चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नाँतच्या फर्मानाने त्यांना उपासनेची मुभा दिली. चौदाव्या लुईने ऑक्टोबर १६८५ मध्ये ते फर्मान रद्द केलं. पाळकांना देश सोडायला पंधरा दिवस मिळाले, बाकीच्यांना देश सोडायलाच बंदी. पळताना सापडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारायला पाठवत, बायकांना कैदेत. त्याआधीच, १६८१ पासून, पोआतू प्रांतात घराघरांत घोडेस्वार शिपाई बसवले होते. घरच्यांनी धर्म बदलेपर्यंत त्यांनी तिथेच खायचं, प्यायचं आणि मोडतोड करायची. तरीही सुमारे दोन लाख माणसं निसटली, त्यातली पन्नासएक हजार इंग्लंडला आली. इंग्रजीतला 'रेफ्यूजी' हा शब्द या लोकांच्या सामानातूनच आला.

सुरुवात सोपी होती. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद जुलै १८३७ पासून आहे, आणि १८५१ च्या जनगणनेत माणसाचं वय, धंदा आणि जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला इलाखा, असं सगळं मिळतं. सासूबाईंच्या वडिलांपासून मागे चढत पंधरा दिवसांत मी १८५१ च्या पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीनला पोचले. एका गल्लीत बर्ड कुटुंब: नवरा, बायको, सहा मुलं. नवऱ्याचा धंदा 'सिल्क वीव्हर', बायकोचाही तोच, तेरा वर्षांच्या मुलापुढे 'वाइंडर', म्हणजे रेशीम गुंडाळणारा. त्याच घरात आणखी एक कुटुंब भाड्याने. व्यापारी नव्हे, विणकर. तेही हातमाग मरणाला टेकलेल्या काळातले.

सासूबाईंना फोन केला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "नंतर पैसा गेला."

तिथून मागे आणखी दोन पिढ्या इंग्रजी पॅरिशच्या वह्यांत सरळ मिळाल्या. १८०५ चा मुलगा, त्याचा बाप १७७६ चा. आणि मग भिंत. १७७६ च्या बाप्तिस्म्यात आईबापांची नावं होती, पण आईचं नुसतं पहिलं नाव. मेरी. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये मेरी शोधणं म्हणजे पंढरपुरात विठ्ठल नावाचा माणूस शोधण्यासारखं.

इथे मी तो मूर्खपणा केला, जो मी कुणा शिकाऊ पोराच्या हातून चालवून घेतला नसता. वंशवृक्षांच्या एका वेबसाइटवर कुणीतरी याच कुटुंबाचं झाड आधीच लावून ठेवलं होतं. १७७६ च्या मुलाचा बाप म्हणून १७४४ चा एक ल्वाझो, स्पिटलफील्ड्सच्या 'ला पातांत' या फ्रेंच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला. तिथून मागे थेट एका किल्ल्यापर्यंत. खाली पंचवीस-तीस जणांनी तेच झाड आपल्या नावावर उतरवून घेतलेलं. व्हाउचर एकही नाही. पण रात्री साडेअकराला किल्ला दिसला की माणूस ऑडिटर राहत नाही. मी चार महिने त्या फांदीवर बसून होते. सासूबाईंना किल्ल्याचा फोटोसुद्धा पाठवला.

उलगडा झाला तो एका पुरण्याच्या नोंदीमुळे. फ्रेंच चर्चच्या वह्यांत मुख्यतः बाप्तिस्मे आणि लग्नं असतात. माणसं पुरली जायची इंग्रजी पॅरिशच्या जमिनीत, त्यामुळे मृत्यू शोधायचा तो इंग्रजी वहीत. दुसरंच कुणीतरी शोधताना क्राइस्ट चर्च, स्पिटलफील्ड्सच्या वहीत १७४६ ची एक ओळ दिसली: आमच्या 'ला पातांत'च्या ल्वाझोचं नाव, पुढे 'अमक्याचा मुलगा', आणि बापाचं नाव तंतोतंत. किल्ल्याचा वारस दोन वर्षांचा होऊन गेला होता. मेलेल्या पोराला तीस वर्षांनी मूल झाल्याचं त्या पंचवीस-तीस जणांपैकी कुणाला खटकलं नाही, कारण कुणी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून माझा एक नियम झाला: बाप्तिस्मा सापडला की आधी त्याच मुलाचं थडगं शोधायचं. नाही सापडलं तरच पुढे जायचं.

म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर. आता आडनाव बाजूला ठेवलं आणि लग्न शोधलं. १७५४ पासून इंग्लंडमध्ये कायदा असा आला की ज्यू आणि क्वेकर सोडून सगळ्यांनी लग्न अँग्लिकन चर्चमध्येच लावायचं. फ्रेंच चर्चमधली लग्नं त्या वर्षापासून बंद झाली. शोधणाऱ्याला वाटतं, कुटुंब नाहीसं झालं. पण त्याच कायद्याने एक उपकारही केला: लग्नाच्या नोंदीवर नवरा, नवरी आणि दोन साक्षीदार यांनी सही किंवा खूण करायची.

१७७० ची ती नोंद मला स्क्रीनवर दिसली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. कारकुनाच्या वळणदार अक्षरात नवऱ्याचं आडनाव 'बर्ड', दोन ठिकाणी. खाली नवरीची खूण: एक फुली. तिची एक रेघ सरळ, दुसरी मध्येच थरथरलेली, टाकाला शाई जास्त झालेली, टोकाशी डाग. आणि शेजारी नवऱ्याची सही. सावकाश, सुटी सुटी अक्षरं, शाळकरी पोराने गिरवावीत तशी. बर्ड नव्हे. ल्वाझो. कारकून वर काहीही लिहो, या विणकराने सही करायची म्हणून जी एकच गोष्ट शिकून ठेवली होती, ती बापाने शिकवलेली होती.

मी नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, "सकाळी दाखव." इतकी पिढीजात माणसं अशीच असतात.

आता फ्रेंच वह्या. लंडनचं फ्रेंच चर्च १५५० मध्ये सहाव्या एडवर्डच्या सनदेने सुरू झालं. थ्रेडनीडल स्ट्रीटवरची इमारत १६६६ च्या आगीत जळली, पुन्हा बांधली. आज तीच मंडळी सोहो स्क्वेअरमधल्या १८९३ च्या चर्चमध्ये जमते. बाप्तिस्मा-लग्नांच्या वह्या १६०० पासून आहेत. १८४० मध्ये या वह्या सरकारजमा झाल्या, त्या आता क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि त्यांचे स्कॅन घरबसल्या बघता येतात. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या ह्यूगनो सोसायटीने बहुतेक वह्या उतरवून, मागे आडनावांची सूची लावून छापल्या. जुने खंड इंटरनेटवर फुकट आहेत. सूचीत ल्वाझो शोधायचा तर 'ल'मध्ये चार स्पेलिंगं आणि 'ओ'मध्ये दोन अशी सहा दारं ठोठवावी लागतात. कारकून स्वतः फ्रेंच, तरी हा गोंधळ.

माझं फ्रेंच म्हणजे पुण्यात कॉलेजात घेतलेली दोन वर्षं. त्याने काही अडलं नाही, नोंदी ठरावीक साच्याच्या असतात. अडलं ते दुसरीकडेच. एका लग्नाच्या तारखेत '१२' आणि पुढे महिन्याच्या जागी ७ चा आकडा, त्याला चिकटून 'ब्र'. मी जुलै समजले. आठवडाभर जुलैच्या हिशेबाने बाकीचं जुळेना. मग डोक्यात उजेड पडला: सप्तंब्र! जुन्या रोमन पंचांगात सप्टेंबर हा सातवा महिना, आपलं सप्त, अष्ट, नव, दश. ८ ला 'ब्र' म्हणजे ऑक्टोबर, ९ ला नोव्हेंबर. ज्या भाषेत सात म्हणजे सप्त, त्या भाषेतल्या बाईला आठवडा लागावा याची लाज वाटली.

दुसरी गंमत वर्षाची. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं. १७४४ चा दुसरा एक ल्वाझो मला थ्रेडनीडलच्या वहीत मिळाला, पण त्याचा बाप्तिस्मा लिहिला होता फेब्रुवारी १७४३ आणि आईबापांचं लग्न एप्रिल १७४३. सासूबाईंना हे सांगितल्यावर फोनवर बराच वेळ शांतता होती. "चर्चमध्ये लिहून घेतलं तरी कसं?" असं शेवटी आलं. मग समजावलं: एप्रिल १७४३ आधी, आणि फेब्रुवारी १७४३ त्याच्या नंतरचा, आपल्या हिशेबाने १७४४. मला हे चटकन कळलं, कारण आमच्याकडे फाल्गुन जुन्या शकात आणि चैत्राचा पाडवा नव्यात, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. त्यांचा पाडवा २५ मार्चला, एवढाच फरक. लग्नानंतर दहा महिन्यांनी मूल. सासूबाईंनी सुस्कारा टाकला तो मला इकडे ऐकू आला.

पण हाच ल्वाझो कशावरून? मेलेला तो नव्हे म्हणून उरलेला हा, असा ताळेबंद कुणी पास करत नाही. इथे मदतीला आली धर्ममाय. फ्रेंच नोंदीत बाळाच्या आईबापांमागोमाग धर्मपिता आणि धर्ममाता येतात, आणि प्रत्येक बाई, लग्न झालेली असो वा नसो, माहेरच्या आडनावाने लिहिलेली असते. इंग्रज वह्यांत जी 'मेरी' होऊन विरघळते, ती इथे पूर्ण नाव घेऊन उभी असते. १७४४ च्या बाळाच्या धर्ममातेचं आडनाव जरा दुर्मीळ होतं. आणि १७७० च्या लग्नाच्या नोंदीवर दुसऱ्या साक्षीदाराची सही? तेच आडनाव. पुढे धुंडाळलं तर त्या बाईचं आडनाव ल्वाझोंच्या आणखी तीन बाप्तिस्म्यांत निघालं. ती बाळाच्या आईची बहीण होती. मावशी!

मला त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींची वही आठवली. लहानपणी बाबांबरोबर गेले होते. लाल कापडात गुंडाळलेली लांबट वही, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, मोडीतून घडाघडा वाचून दाखवलेले. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या सात पिढ्या उभ्या राहिल्या आणि त्यांत एकही बाई नव्हती. आईने विचारलं होतं, "आणि ह्यांच्या बायका?" गुरुजी नुसते हसले. आमच्याकडे तर लग्नात बाईचं पहिलं नावही बदलायचं. आडनावाने बाई शोधायची सोय कुठली. ह्या फ्रेंच वह्या ज्यांनी लिहिल्या ते काही स्त्रीमुक्तीवाले नव्हते, त्यांच्याकडे फक्त ती रीत होती. पण त्या रीतीवर माझं अख्खं काम उभं आहे. बापांची ओळ जिथे जिथे तुटली तिथे मला मावश्यांनी पार केलं.

१७४४ चा बाप १७०६ चा, आणि त्याच्या आईबापांचं लग्न त्या '७ ब्र'चं, १२ सप्टेंबर १७०२, थ्रेडनीडल स्ट्रीट. नवरा विणकर, 'नातीफ द', म्हणजे अमुक गावचा. गावावर नेमका शाईचा डाग. 'पोआतू' तेवढं स्वच्छ वाचता येतं. छापील खंडात उतरवणाऱ्यानेही तिथे टिंबं दिली आहेत.

नवरीचं मात्र आणखी एक पान मिळालं. स्ट्रँडवरच्या सॅव्हॉय चर्चची एक वेगळीच वही छापलेली आहे, १६८४ ते १७०२ ची, 'रकोनेसाँस'ची. फ्रान्समध्ये शिपायांच्या धाकाने ज्यांनी कॅथलिक धर्म पत्करल्याच्या कागदावर सही केली, जे मिसाला, म्हणजे कॅथलिक उपासनेला गेले, ते लंडनला पोचल्यावर मंडळीसमोर उभे राहून आपली चूक कबूल करायचे आणि मग परत आत घेतले जायचे. आमच्या नवरीचं नाव १६९८ मध्ये आहे, माहेरच्या आडनावाने, बरोबर तिच्या आईचं. फर्मान रद्द झालं त्याला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. म्हणजे तेरा वर्षं या मायलेकी कॅथलिक म्हणून राहिल्या, रविवारी गुडघे टेकले, आणि मग एक दिवस निघाल्या. ती एका ओळीची नोंद आहे. मी ती इतक्या वेळा वाचली की आता पान क्रमांकासकट पाठ आहे.

पिंपाचा कुठेही उल्लेख नाही. नसणारच, चर्चला फक्त विश्वासाशी मतलब, वाहनाशी नाही.

शेवटचं पान मी शोधलं नव्हतं, ते आपणहून पुढे आलं. स्पिटलफील्ड्समध्ये गरीब फ्रेंचांसाठी एक अन्नछत्र होतं. नाव 'मेझाँ द शारिते', पण सगळे त्याला 'ला सूप' म्हणत. १७३९ ते १७४१ ची त्याची वही छापली आहे: कुणाला काय दिलं, घरात माणसं किती, काम आहे की नाही. आमची १६९८ ची मुलगी तिथे आहे. आता म्हातारी, विधवा, दोन नातवंडं पदरी. ब्रेड आणि सूप.

हे पान सासूबाईंना दाखवायचं की नाही यावर आम्ही नवरा-बायको दोन दिवस बोललो. उमराव, रेशमाचा व्यापारी, किल्ला, आणि शेवटी रांगेत वाडगा घेऊन उभी असलेली बाई. नवरा म्हणाला, राहू दे. मी म्हटलं, ऑडिटरने पान दडवलं तर मग उरलं काय.

मे महिन्यात त्यांना ब्रिक लेनला घेऊन गेलो. फूर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची १७४३ ची विटांची इमारत: आधी फ्रेंच चर्च, मग मेथडिस्ट चॅपल, १८९८ पासून ज्यूंचं सिनेगॉग, १९७६ पासून मशीद. वर भिंतीवर तेच जुनं सूर्यघड्याळ. दुपारच्या नमाजाला माणसं येत होती. समोरच्या जुन्या घरांच्या माळ्यांना अजून त्या रुंद खिडक्या आहेत, मागावर उजेड पडावा म्हणून केलेल्या. सासूबाई काठी टेकत मान वर करून बघत राहिल्या. मग एका बांगलादेशी हॉटेलात बसलो, त्यांनी डाळ मागवली, आणि मी फाइल उघडली.

सहीचं पान त्यांनी भिंगाखाली धरलं. फुलीवरून बोट फिरवलं. 'ला सूप'चं पान दोनदा वाचलं, माझं भाषांतर एकदा आणि फ्रेंच एकदा, जरी त्यांना फ्रेंच येत नाही. मग चष्मा काढून म्हणाल्या, "दोन नातवंडं होती म्हणजे. त्यांना पुरलं असेल का गं?" 'गं' अर्थातच माझा. त्या इंग्रजीत बोलल्या, पण सूर तोच होता.

नाताळला टर्की कापून झाली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी घसा खाकरला आणि सुरुवात केली: शिपाई, बायबल, बंदर. पिंपाशी आल्यावर क्षणभर थांबल्या, आणि यंदा पहिल्यांदाच आत दोघींना बसवलं. पणतीने विचारलं, दोघी मावतील का? "दाटीवाटीने," सासूबाई म्हणाल्या, आणि मला बटाटे पुढे करायला सांगितले.